उष्ट्या लोण्याचा देव

चिरदेवाच्या पठारावर चढून आलेल्या माणसाला आधी वारा लागतो आणि बरं वाटतं. मग वास येतो. तो वास टाक्याचा. कातळात खोदलेलं हे टाकं बारा महिने भरलेलं असतं, पण त्याच्या पाण्याला कुणी तोंड लावत नाही. पाण्यावर मेणचट साय धरलेली असते. काडीनं बाजूला सारली तरी ती पुन्हा जुळून येते. तहानलेली म्हैस काठापर्यंत जाते, नाकपुड्या फेंदारते आणि मागे फिरते. याला खवटाचं टाकं म्हणतात. टाक्याच्या वरच्या अंगाला, उतारावर, दीड पुरुष उंचीचा एक उभा दगड आहे. तो चिरदेव. सगळा काळा, फक्त पायाशी अंगठ्याएवढा एक पांढरा ठिपका.

वाडीतली धोंडाई मरगळे पाहुण्यांना टाकं दाखवायला नेते. तिथं पोचल्यावर ती पहिल्यांदा थुंकते, आणि पाहुण्यांनाही थुंकायला लावते. शहरातली माणसं लाजतात, एकमेकांकडे बघतात. "थुका, थुका," धोंडाई म्हणते. "ह्या गोष्टीत गिळायचं नसतंय." कुणी नाकाला रुमाल लावला तर तिला राग येत नाही, उलट ती खूश होते. त्या दिवशी वाडीतल्या एकानं जरी नाक धरलं असतं तर ही गोष्ट घडलीच नसती, असं तिचं म्हणणं आहे.

सांगतात ते असं. फार मागे या पठारावर धनगरांची मोजकी घरं होती आणि घरांपेक्षा म्हशी जास्त होत्या. दही घुसळायचं, लोणी काढायचं, ते कढवून तूप खालच्या बाजाराला न्यायचं आणि बदल्यात भात-मीठ आणायचं, असा सगळ्यांचा संसार. वाडीत शब्द चालायचा तो राणाईचा. नवरा गेलेला, मुलगे मोठे, सुना हाताखाली, आणि गोठा वाडीत सगळ्यांत भरलेला. एका वर्षी म्हशींवर बुळकांडीची साथ आली. संध्याकाळी रवंथ करणारी म्हैस सकाळी पाय ताणून पडलेली असायची. राणाई चिरदेवापुढे गेली, दगडावर डोकं आपटलं आणि नवस बोलली. माझा गोठा राख, तुला डोक्यापासून पायापर्यंत लोण्यानं लिंपीन. तोवर माझ्या घरात लोण्याला कुणी जीभ लावणार नाही. लावली तर माझा वंश बुडो.

रोग ओसरला. गोठा राहिला. नवस खरा होता आणि ती भीतीही खरी होती, याबद्दल धोंडाईसुद्धा राणाईला नावं ठेवत नाही. नावं ठेवते ती पुढच्याला.

देवाला द्यायचं लोणी साठवायला राणाईनं टाकं धरलं. तेव्हा त्याचं पाणी गोड आणि थंडगार होतं, आणि सगळी वाडी तेच प्यायची. लोणी गार पाण्यात राहतं म्हणून राणाईनं त्यावर चिरे बसवले, एक फट ठेवली आणि वाडीला सांगितलं की आता पाणी ओढ्यावरून आणा. कुणी हूं की चूं केलं नाही. रोज सकाळी घुसळून झालं की लोण्याचा गोळा त्या फटीतून आत सोडायचा. वाकून बघायचं नाही. वास घ्यायचा नाही, कारण वास घेतलेलं म्हणजे नाकानं उष्टावलेलं.

घरातली धाकटी सून ठकू. घुसळणं तिच्याकडे होतं. कोंबडा आरवायच्या सुमाराला ती डेऱ्यापुढे बसायची, रवी घुसळखांबाला अडकवायची, तिला दोरी गुंडाळायची आणि दोन्ही हातांनी ओढायला लागायची. दही आधी जड लागतं, मग हलकं, मग लोणी फुटायला लागलं की डेऱ्याचा आवाजच बदलतो. तो आवाज आला की ठकूच्या तोंडाला पाणी सुटायचं. ती ओली बाळंतीण होती. दुसऱ्या घरांत बाळंतिणीला तूप-भात मिळतो, डिंक मिळतो. हिला मिळायचं नाचणीचं आंबील आणि ताक. ताकसुद्धा फडक्यानं गाळून, न जाणो त्यात लोण्याचा एखादा कण तरंगत असला तर.

आणि त्या फडक्याचं काय सांगावं! घुसळून झालं की राणाई सुनेला समोर उभी करायची आणि म्हणायची, "तोंड उघड." ठकू तोंड उघडायची. राणाई नाक जवळ नेऊन तिच्या तोंडाचा वास घ्यायची. मग फडकं बोटाला गुंडाळून ठकूची जीभ पुसायची, पार मागपर्यंत, ठकूला ओकारी येईपर्यंत, आणि फडकं उजेडाकडे धरून बघायची की कुठे चिकट डाग दिसतोय का. तेच फडकं थोरलीच्या जिभेवर फिरायचं. मधलीच्याही. आणि मग त्याच फडक्यानं ताक गाळलं जायचं. लोण्याचा वास घ्यायला बंदी होती. माणसाच्या तोंडाचा वास घ्यायला नव्हती. ठकूला त्या फडक्याची एवढी शिसारी बसली होती की ताकाचा वाडगा तोंडाजवळ नेताना ती डोळे मिटून घ्यायची. पण प्यावं लागायचं, कारण अंगावर पोर होती.

पोरीचीच तर सगळी काळजी होती. ठकूचं दूध आटत चाललं होतं. पोर छातीला लागायची, थोडा वेळ ओढायची आणि दमून सोडून द्यायची. रडायचीही नाही. टाळू खोल गेलेली. एक दिवस ठकूनं धीर केला.

"आत्याबाई, पोर वाळत चाललीया. बोटभर लोणी द्या. अंगात काही गेलं तर दूध उतरंल."

"देवाचं हाय ते."

"मग कढवून तरी ठेवू या. तूप टिकतंय. असं पाण्यात लोणी किती दिवस राहील?"

"बोलले ते लोणी बोलले," राणाई म्हणाली. "आता देवाला तूप दाखवून फसवू?"

ठकूचा नवरा जानू बाजूलाच दोरखंड वळत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. त्याच्या त्या वाकलेल्या मानेचा ठकूला जेवढा तिटकारा आला, तेवढा सासूचाही आला नव्हता, असं सांगतात.

त्या दिवशी ती रवी धुवायला ओढ्यावर गेली. रोजचंच काम, जीभ पुसून झाल्यावरचं. रवीच्या पाकळ्यांच्या बेचक्यांत लोणी अडकून राहतं, बोटानं निघत नाही, राखेनं घासावं लागतं. ठकू दगडावर बसली, हातातल्या रवीकडे बघत राहिली, आणि मग तिनं ती तोंडाला लावली. एकेक बेचकं जिभेनं कोरून काढलं. लाकडाची कुसं जिभेला टोचली. लोणी ते कितीसं, नखावर मावेल एवढं. पण ते गोड होतं. ती तिथंच बसून रडली. त्यानंतर रोज ओढ्यावर रवी आधी जिभेनं धुतली जायची, मग राखेनं. नखभर लोण्यानं दूध कसं उतरलं ते चिरदेवाला ठाऊक, पण उतरलं. पोर गळा काढून रडायला लागली आणि राणाई म्हणाली, "बघा, देवाची कृपा!"

इकडे टाकं भरत होतं. चैत्रात नवस फेडायचा ठरला होता, पण चैत्र आला तेव्हा राणाईला ते कमी वाटलं. नुसता हात फिरवल्यासारखं नको, लोकांच्या डोळ्यांत भरेल असं पाहिजे. खालच्या गावांतून माणसं आली पाहिजेत, त्यांनी बोटं तोंडात घातली पाहिजेत. नवस देवाचा होता तो तिचा झाला. वर्ष गेलं, पावसाळा गेला, पुन्हा ऊन तापायला लागलं. फटीतून आता कोमट वाफ येत असे. लोणी टाकायला गेलेल्या सुना श्वास रोखून जायच्या आणि परतताना एकमेकींशी बोलायच्या नाहीत. सगळ्यांना कळत होतं. कळलं असं म्हणायचं तर वास घेतला असं कबूल करायला लागलं असतं, आणि वंश बुडवून घ्यायला कोण तयार होणार?

दुसऱ्या चैत्रात राणाईनं सांगावे धाडले. पठारावर माणूस मावेना. नवस रव्यांच्या पूजेनं सुरू व्हायचा होता, म्हणून प्रत्येक घरची बाई त्या दिवशीची रवी न धुता घेऊन आली होती. ठकूच्या कडेवर पोर आणि हातात रवी. सोनू भगतानं नारळ फोडला आणि माणसांनी टाक्यावरचे चिरे उचलले.

इथं धोंडाई दुसऱ्यांदा थुंकते.

आत जे होतं त्याला लोणी म्हणवत नाही. वर पिवळीजर्द साल आलेली, टाचेच्या भेगांसारखी तडकलेली. तडांतून हिरवी-काळी बुरशी, केसाळ. भगतानं हात घातला तसा त्याचा हात कोपरापर्यंत रुतला आणि खालून बुडबुडे आले. त्या बुडबुड्यांबरोबर जो वास फुटला त्यानं पुढे उभी असलेली पोरं तिथल्या तिथं ओकली. त्यांच्या आया म्हणाल्या, ऊन बाधलं. भगतानं पहिली ओंजळ वर काढली तर त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि उंदराचं एक शेपूट लोंबत होतं. त्यानं शेपूट हळूच ओढून धोतराच्या सोग्यात लपवलं आणि ओरडला, "चिरदेवाच्या नावानं चांगभलं!" सगळ्या लोकांनी चांगभलं म्हटलं. तोंडानं श्वास घेत होतेच, तेव्हा ओरडायला सोपं गेलं.

आणि मग त्यांनी देवाला ते लिंपलं. शहाणीसुरती माणसं, घरी दुधात केस निघाला तर दूध ओतून देणारी, ओळीनं उभी राहिली आणि ओंजळी भरभरून ती घाण देवाच्या अंगाला थापायला लागली. कुणाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते म्हणत होते भक्तीनं येतंय. ठकूला एकाएकी त्या सगळ्यांची किळस आली. अळ्यांची नव्हे, माणसांची. अळ्या आपला धर्म पाळत होत्या.

लिंपून झालं आणि माश्या आल्या. पठारावरच्या साऱ्या गोठ्यांच्या माश्या उठून आल्या असाव्यात. देव पिवळ्याचा काळा झाला आणि तो काळा रंग हलायला लागला, घोंघावायला लागला. खालच्या गावची माणसं मागे सरकली. कुणीतरी हसलं. राणाईनं ते हसू ऐकलं.

"कुणीतरी उष्टावलंय," ती कडाडली. "देवानं नाकारलंय. माझ्या घरातल्या बायांनी पुढं यायचं. पोराबाळांच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायची."

थोरलीनं घेतली. मधलीनं घेतली. ठकूनं कडेवरच्या पोरीकडे बघितलं. वर्षापूर्वी मरायला टेकलेली पोर आता रवीची दोरी तोंडात घालून चोखत होती. तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलायचं ठकूच्यानं झालं नाही.

"मी चाटलं," ती म्हणाली. "रवी चाटली. रोज चाटली. चाटली म्हणून ही हाय."

राणाईला धरायला हवं होतं ते सापडलं होतं. हिच्या जिभेनं देव नासला, ती म्हणाली. हिनं पोर घेऊन आत्ताच्या आत्ता घाट उतरायचा, अंगावरच्या लुगड्यानिशी, आणि परत या पठारावर पाय ठेवायचा नाही. भर चैत्राचं ऊन, घाटात पाणी नाही, खाली माहेरचं कुणी उरलेलं नाही. म्हणजे काय ते सगळ्यांना समजलं. जानूनं मान खाली घातली. ती आधीच खाली होती, आणखी घातली.

ठकू म्हणाली, "जाते. फक्त एवढं सांगा आत्याबाई, देवाला लावलं ते गोड हाय. घासभर तोंडात घाला आणि सांगा. लोणी चांगलं असंल तर खोट माझ्या जिभेची, मग मी गुन्हेगार."

राणाईला नाही म्हणायला जागा नव्हती. एवढी माणसं बघत होती. तिनं देवाच्या अंगावरून ओंजळ निपटली, माश्यांसकट, आणि तोंडात घातली.

"गोड हाय," ती म्हणाली.

तिनं दुसरी ओंजळ घेतली. ओठांच्या कोपऱ्यातून पिवळं पाणी हनुवटीवर उतरलं. एक अळी गालावर चढत होती आणि राणाई ती पुसत नव्हती, कारण पुसली असती तर ती आहे असं झालं असतं. "गोड हाय," ती पुन्हा म्हणाली. ती गिळत होती. आलेलं परत गिळत होती. लोकांनी तोंडं फिरवली. आता पहिल्यांदा माणसांनी नाकं धरली, उघड उघड, पदरांनी, मुंडाशांनी. भगताच्या सोग्यातून शेपूट खाली पडलं. राणाईचा हात तिसऱ्यांदा देवाकडे गेला.

तो हात ठकूनं धरला. दया आली म्हणून धरला असं काही लोक सांगतात. धोंडाईला ते पटत नाही. तिच्या मते ठकूला किळसच आली होती, आणि ती एवढी की आणखी एक ओंजळ तिला बघवली नसती. तिनं पोर थोरल्या जावेकडे दिली आणि सासूसमोर उभी राहिली.

"तोंड उघडा, आत्याबाई."

राणाईनं तोंड उघडलं. ठकूनं पदर बोटाला गुंडाळला आणि सासूची जीभ पुसली, पार मागपर्यंत. राणाई ओकली, पुन्हा ओकली, ठकूच्या पायांवर ओकली. मग ठकूनं आपली रवी उचलली, बेचक्यातलं सकाळचं लोणी बोटानं कोरून आधी स्वतःच्या जिभेवर ठेवलं. "हे गोड हाय," ती म्हणाली. उरलेलं सासूच्या जिभेला लावलं. आणि शेवटचं, अंगठ्याला लागून राहिलेलं उष्टं, तिनं देवाच्या पायाशी पुसलं.

ऊन तेव्हा डोक्यावर आलं होतं. म्हणे त्याच क्षणी देवाच्या खांद्यावरचा लेप सुटला. आधी एक लादी घसरली, मग सगळंच वितळून पाझरायला लागलं आणि उतारावरून वाहत जिथून आलं तिथं परत गेलं, टाक्यात. माश्या त्याच्यामागून गेल्या. देव उघडा पडला, काळा, ओला. ठकूनं अंगठा पुसला होता तेवढी जागा मात्र पांढरी राहिली आणि तिच्यावर एकही माशी बसली नाही.

ठकूला कुणी घाट उतरायला लावला नाही. पण राणाईच्या तोंडातून ती चव कधीच गेली नाही. भात, भाकरी, साधं पाणी, जे तोंडात जाईल ते तिला खवट लागायचं. खायला दिलं की ती घास हातात धरून बसायची आणि सुनेकडे बघायची. ठकूनं आधी चाखावं, "गोड हाय" म्हणावं, मगच ती घास गिळायची, आणि सुनेच्या शब्दावर तो गोड आहे असं धरून चालायची. मरेपर्यंत तिचं असंच चाललं. ठकूची ती पोर मोठी झाली, घुसळायला बसली, आणि पहिलं लोणी चाखून तिनंही आजीकडे बघत तेच म्हटलं.

आजही चिरदेवाच्या वाडीत घुसळून झालं की रवीच्या बेचक्यातलं पहिलं लोणी घुसळणारीच्या जिभेवर जातं, मग घरातल्या म्हातारीच्या, आणि त्यानंतर देवाच्या पायाशी त्या पांढऱ्या ठिपक्यावर. खालच्या गावचे लोक नाक मुरडतात, उष्ट्या लोण्याचा देव म्हणतात. वाडीला त्याचं काही वाटत नाही. देवापुढे मंत्र नाही, आरती नाही. घुसळणारी फक्त सांगते, गोड हाय. इथं सुनेला कुणी तोंड उघड म्हणत नाही. म्हटलंच तर ते शिवीपेक्षा वाईट समजतात.

मागच्या जत्रेला खालून पुष्कळ पाहुणे आले होते. धोंडाईची नवी सून घुसळून आली, सगळ्यांसमोर तिनं बोट जिभेला लावलं आणि थबकली. दही एक दिवस जास्त राहिलं होतं. पाहुणे वाट बघत होते, भगत हात जोडून उभा होता, आणि धोंडाई तळहात पुढे करून बसली होती.

"कडू हाय," सून म्हणाली.

धोंडाईनं हात मागे घेतला. सुनेच्या हातातला गोळा घेऊन तिनं तो कुत्र्यापुढे टाकला आणि पाहुण्यांना सांगितलं की आज देव उपाशी राहील, तुम्ही भाकरी खाऊन जा.